प्रस्तावना : हवा तोच रेणू

कांद्याच्या सालीतून क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट बाहेर काढायला फारसे काही लागत नाही. लाल कांद्याची वरची, हातात घेतली की कुरकुरणारी साल चुरडावी, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात घालावी आणि पन्नास-साठ अंश सेल्सिअसला तासभर ठेवावी. द्रावण विटकरी होते आणि सालीतले बरेचसे क्वेर्सेटिन त्यात उतरते. अडचण अशी की त्याच्या मागोमाग सगळा गोतावळाही उतरतो. साखरा येतात, मेण येते, टॅनिने येतात, लाल रंगाची अँथोसायनिने येतात, प्रोटोकॅटेच्युइक आम्ल येते. शिवाय कॅम्फेरॉल आणि आयसोऱ्हॅम्नेटिन ही रचनेने क्वेर्सेटिनच्या अगदी जवळची संयुगेही असतात. कॅम्फेरॉल आणि क्वेर्सेटिन यांच्यात फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा. एकाचा रेणुभार २८६, दुसऱ्याचा ३०२. आयसोऱ्हॅम्नेटिन म्हणजे क्वेर्सेटिनच्या एका हायड्रॉक्सिल गटावर मिथिल गट बसवलेला. वनस्पतीचा अर्क काढणे माणसाला फार पूर्वीपासून जमते. आपला काढा हा त्याचाच प्रकार. त्या अर्कातून हवा तोच रेणू धरायचा आणि बाकीच्यांना वाट मोकळी करून द्यायची, हे मात्र आजही जिकिरीचे काम आहे. पुढची प्रकरणे या दुसऱ्या कामाविषयी आहेत, आणि त्यातही एकाच मार्गाविषयी: रेणूचा ठसा घेतलेल्या पॉलिमरचे नॅनोकण.

वाचकाने हे पुस्तक आरोग्याच्या फळीवरून उचलले असेल तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अँटिऑक्सिडंट जास्त खाल्ले की माणूस जास्त जगतो, असे या पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. मुक्तमूलक म्हणजे जोडीदाराविना उरलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा, म्हणून दिसेल त्यावर तुटून पडणारा रेणू. क्वेर्सेटिनसारखे फिनॉल जातीचे संयुग त्याला आपला एक हायड्रोजन अणू देऊन शांत करते. स्वतःवर आलेला एकटा इलेक्ट्रॉन ते आपल्या वलयभर पसरवून टाकते, त्यामुळे पुढची साखळी तुटते. परीक्षानळीत हे चोख घडते. तेल खवट होण्याला आळा बसतो तोही याच कारणाने. शरीरातला हिशेब वेगळा आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाले. अमेरिकेतली अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. खाद्यपदार्थांची ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ दाखवणारा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण कंपन्या त्यातले आकडे वेष्टनांवर छापू लागल्या होत्या आणि त्या आकड्यांचा माणसाच्या प्रकृतीशी संबंध दाखवता येत नव्हता.

मग या रेणूंसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण ते मोजावे लागतात. अर्कात अमुक इतके क्वेर्सेटिन आहे असे वेष्टनावर छापले असेल तर ते तपासता आले पाहिजे. औषधी वनस्पतीचा दर्जा ठरवायचा तर त्यातले खुणेचे संयुग शुद्ध रूपात हाती हवे. खाद्यतेलात कृत्रिम संरक्षकाच्या जागी वनस्पतिजन्य घालायचा तर त्याचे प्रमाण दर खेपेला तेवढेच राहिले पाहिजे. खुद्द वनस्पती ही संयुगे काही आपल्यासाठी तयार करत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक आणि जे. सी. वॉकर यांच्या गटाला १९२९ साली रंगीत कांद्याच्या सुक्या सालीत प्रोटोकॅटेच्युइक आम्ल सापडले. रंगीत कांद्यावर एक विशिष्ट बुरशी येत नाही आणि पांढऱ्यावर येते, याचे मोठे कारण हे आम्ल होते. वनस्पतीचे रोगांपासून रक्षण करणाऱ्या रसायनांच्या अभ्यासातले हे सुरुवातीचे आणि गाजलेले उदाहरण आहे.  

अर्क शुद्ध करण्याच्या रूढ रीती सगळ्यांना ठाऊक आहेत. सिलिकाचा स्तंभ भरायचा, किंवा सच्छिद्र रेझिनवर अर्क ओतायचा, आणि वेगवेगळी द्रावके सोडत एकेक भाग उतरवून घ्यायचा. या पदार्थांना रेणूची ध्रुवीयता कळते, थोडाफार आकारही कळतो. कुठला गट नेमका कुठे बसला आहे ते कळत नाही. त्यामुळे क्वेर्सेटिन-कॅम्फेरॉलसारखे जवळजवळ सारख्या ध्रुवीयतेचे दोन फ्लेव्होनॉइड शेजारी शेजारीच उतरतात आणि त्यांना वेगळे करण्यात दिवस आणि द्रावकाचे पिंप दोन्ही जातात.

ठशाची कल्पना इथे कामाला येते. ओल्या कोब्यावरून मांजर गेले की कोबा वाळल्यावर त्यात त्याच्या पंजाची खूण राहते आणि त्या खुणेत तोच पंजा नीट बसतो. रसायनात हेच रेणूच्या मापावर करायचे. हवा असलेला रेणू साचा म्हणून घ्यायचा आणि त्याच्या गटांना हायड्रोजन बंधाने किंवा अन्य ओढीने धरतील असे छोटे रेणू त्याच्याभोवती जमू द्यायचे. मग आडवे दुवे घालून सगळे घट्ट करायचे आणि शेवटी साच्याचा रेणू धुऊन काढायचा. मागे जी पोकळी राहते तिला आकारही असतो आणि आतल्या भिंतींवर जागच्या जागी धरणारे हातही असतात. मांजराच्या पंजाची उपमा इथेच संपते, कारण कोब्याची खूण कुणाला धरून ठेवत नाही.

या कल्पनेचा इतिहास एका चुकीच्या सिद्धान्तातून फुटला आहे. लायनस पॉलिंग यांनी १९४० मध्ये असे मांडले होते की शरीरातली प्रतिपिंडे शत्रुरेणूभोवती घडी घालून त्याचा साचा घेतात. प्रतिपिंडांच्या बाबतीत ते खरे ठरले नाही. पण त्यांच्याच कॅलटेकमध्ये फ्रँक डिकी यांनी १९४९ मध्ये मिथिल ऑरेंज आणि त्याच्या जवळच्या रंगांच्या सान्निध्यात सिलिका जेल बनवले, रंग धुऊन काढला आणि पाहिले, तर प्रत्येक जेल ज्या रंगाच्या सहवासात बनले तोच रंग जास्त शोषत होते. त्याआधी १९३१ मध्ये सोव्हिएत रसायनतज्ज्ञ पोल्याकोव यांनी सिलिकावर बेन्झीन, टोल्युईन यांच्याबाबत असेच काही नोंदवले होते, पण त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. सिलिका सोडून सेंद्रिय पॉलिमर हाती धरले ते १९७२ मध्ये जर्मनीतल्या ग्युंटर वुल्फ यांनी. त्यांची रीत साचा पक्क्या रासायनिक बंधाने जोडून नंतर तोडण्याची होती. अचूक, पण कष्टाची. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात क्लाउस मोसबाख यांनी नुसत्या हायड्रोजन बंधासारख्या सैल ओढीवर भागते असे दाखवले आणि हे तंत्र कुठल्याही प्रयोगशाळेच्या आवाक्यात आले. त्यांच्या गटाने १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये जे छापले ते वाचून अनेकांना ही विद्या खरी वाटली. थिओफिलीन या दम्याच्या औषधाचा ठसा घेतलेले पॉलिमर त्यांनी रक्तद्रवातले थिओफिलीन मोजायला वापरले. कॅफीन आणि थिओफिलीन यांच्यात एका मिथिल गटाचा फरक आहे, तरी ते पॉलिमर कॅफीनच्या वाट्याला जवळजवळ गेलेच नाही. प्रतिपिंडाच्या तोडीची निवड प्लास्टिकच्या भुकटीने केली होती.

वनस्पतीतल्या अँटिऑक्सिडंटांपर्यंत हे लोण पोचायला फार वेळ लागला नाही. २००१ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी क्वेर्सेटिनचा ठसा वापरून गिंकोच्या पानांच्या अर्कातून थेट क्वेर्सेटिन आणि त्याच्याशी मिळतेजुळते फ्लेव्होनॉइड धरले. पुढच्याच वर्षी युरोपातल्या एका गटाने लाल वाइनमधले क्वेर्सेटिन याच वाटेने मोजले. त्यानंतर कर्क्युमिन, गॅलिक आम्ल, कॅटेचिन, रेसव्हेरॅट्रॉल असे एकामागून एक रेणू साच्यात बसवून झाले आहेत.

आता प्रत्यक्ष कृती पाहू, कारण या विषयाची सगळी खुमारी आणि सगळी डोकेदुखी तिथे आहे. साधारण मांडणी अशी असते: एक भाग क्वेर्सेटिन, चार ते आठ भाग ४-व्हिनिलपिरिडीन किंवा अ‍ॅक्रिलामाइड, वीस किंवा त्याहून जास्त भाग एथिलीन ग्लायकॉल डायमेथाक्रिलेट. हा शेवटचा आडवे दुवे घालतो. द्रावक असा हवा की त्यात हायड्रोजन बंध टिकावेत. टोल्युईन किंवा क्लोरोफॉर्म त्याला उत्तम, पण क्वेर्सेटिन त्यांत विरघळत नाही. म्हणून अ‍ॅसिटोन, टेट्राहायड्रोफ्युरान किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल यांच्यावर तडजोड करावी लागते. बाटलीला रबरी बूच लावून नायट्रोजन फुसफुसवत ठेवायचा, प्रारंभक घालायचा, ६० अंशांवर चोवीस तास. द्रावण भरपूर पातळ असेल तर घट्ट लादी बनत नाही. पिवळे पारदर्शक द्रावण आधी धुरकट होते, मग दुधाळ, आणि त्या दुधात नॅनोकण तरंगत असतात.

खरा पेच या बाटलीतच आहे. पॉलिमर बनते ते मुक्तमूलकांच्या साखळीने. प्रारंभक तापला की त्याचे मूलक होतात, ते मोनोमरला, म्हणजे पॉलिमरच्या सुट्या घटकाला, जाऊन भिडतात आणि साखळी वाढत जाते. अँटिऑक्सिडंटचे तर कामच मुक्तमूलक विझवणे. मोनोमरची नवी बाटली उघडली तर लेबलवर बारीक अक्षरांत एका फिनॉलचे नाव असते. मोनोमर बाटलीतच आळून जाऊ नये म्हणून कारखान्याने तो दहा लाखांत शंभरएक भाग इतका घातलेला असतो. वापरण्यापूर्वी मोनोमर अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभातून गाळून तो काढून टाकायचा ही शिस्त प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. आणि मग आपण त्याच बाटलीत, त्या फिनॉलच्या शेकडोपट क्वेर्सेटिन हाताने घालतो! परिणाम दिसायचा तो दिसतोच. पॉलिमर उशिरा बनते, कमी बनते, कणांची मापे विस्कटतात. त्याहून वाईट म्हणजे क्वेर्सेटिन स्वतः खर्ची पडते. ज्याचा ठसा घ्यायचा त्याचाच चेहरा अर्धवट बदललेला असतो. उष्णतेऐवजी अतिनील प्रकाशाने काम भागवू म्हणावे तर क्वेर्सेटिन ३७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश स्वतःच गिळते, आणि नेहमीच्या प्रारंभकाला प्रकाश लागतो तो ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याचा. ऑक्सिजन कसोशीने काढून टाकणे, प्रारंभक वाढवणे, साच्यासाठी तशाच आकाराचा पण मूलकांना न विझवणारा तोतया रेणू घेणे हे त्यावरचे तोडगे आहेत. मूलकांचा नाद सोडून पुन्हा डिकींच्या सिलिकाकडे वळणे हाही एक मार्ग आहे, आणि माझ्या मते त्याला मिळायला हवे तितके श्रेय अजून मिळालेले नाही. या पेचाविषयी शोधनिबंधांत एखादे ओझरते वाक्य असते. काम करणाऱ्याचे महिने मात्र त्यातच जातात. म्हणून पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्याला दिले आहे.

साचा धुणे हाही चिकाटीचा भाग. मिथेनॉलमध्ये दहा टक्के अ‍ॅसेटिक आम्ल घालून सॉक्सलेट उपकरणामध्ये तासन्‌तास धुलाई चालते. उतरणारे द्रावण आधी पिवळेजर्द, मग फिके, मग डोळ्यांना स्वच्छ दिसते; वर्णपटमापी मात्र अजून क्वेर्सेटिन आहे असे सांगत राहतो. आत खोल अडकलेले थोडे रेणू निघतच नाहीत आणि पुढे ऐन मोजणीच्या वेळी पाझरतात. अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्याला हा पाझर घातक ठरतो. तोतया साचा वापरण्याचे ते दुसरे कारण.

नॅनोकणच का? एक सेंटिमीटरच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे शंभर नॅनोमीटरचे तुकडे केले तर ते ६० चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ साडेसहाशे चौरस फूट. जुन्या रीतीत पॉलिमरची लादी खलात कुटून चाळावी लागे. बराच माल भुगा होऊन वाया जाई आणि उरलेल्या कणांत बहुतेक पोकळ्या खोल गाडलेल्या राहत. नॅनोकणात पोकळ्या पृष्ठभागालगत असतात, त्यामुळे साचा लवकर निघतो आणि हवा तो रेणू लवकर आत शिरतो. पण हे कण गाळणकागदातून आरपार जातात आणि तळाला बसायला तयार नसतात. त्यावर चुंबकाचा उपाय छान आहे. आधी लोहाच्या ऑक्साइडचा कण, त्यावर सिलिकाचा थर, त्यावर ठशाच्या पॉलिमरचा पातळ पापुद्रा. अर्कात हे कण ढवळायचे आणि बाटलीच्या कुशीला चुंबक लावायचा. तपकिरी गढूळपणा एका बाजूला गोळा होतो, उरलेला अर्क ओतून द्यायचा. इंग्लंडमध्ये सर्गेई पिलेत्स्की यांच्या गटाने काढलेली रीत याहून वेगळी आहे. त्यात साचा काचेच्या मण्यांवर बांधलेला असतो, नॅनोकण त्याच्याभोवती बनतात, थंड धुलाईत ढिले धरणारे कण निघून जातात आणि गरम धुलाईत घट्ट धरणारे तेवढे हाती येतात. साचा मण्यांवरच राहतो, तो पुन्हा वापरता येतो. फिनॉलसारख्या छोट्या रेणूसाठी मात्र मण्याला बांधण्यात त्याचा एखादा महत्त्वाचा गट खर्ची पडतो.

पाण्याचा प्रश्नही आहेच. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये जी पोकळी क्वेर्सेटिनला प्रेमाने धरते, तिच्या हायड्रोजन बंधाच्या जागा पाणी आल्याबरोबर पाण्यानेच भरून जातात. आणि वनस्पतीचा अर्क तर पाण्याशिवाय क्वचितच असतो. अर्क वाळवून पुन्हा कोरड्या द्रावकात घ्यावा लागतो, किंवा धातूचा आयन मध्यस्थ म्हणून वापरावा लागतो.

आता या क्षेत्रावरचे माझे मत. आजमितीला ही विद्या प्रयोगशाळेतल्या टेबलाची आहे, कारखान्याच्या टाकीची नाही. समजा एक ग्रॅम पॉलिमरने एका खेपेला दहा मिलिग्रॅम क्वेर्सेटिन धरले, तर एक किलो क्वेर्सेटिनसाठी एक किलो पॉलिमर शंभर वेळा भरावे आणि रिकामे करावे लागेल, दर वेळी ताज्या द्रावकाने. दुसरीकडे बाजारातले क्वेर्सेटिन मुख्यतः चीनमधल्या सोफोरा वृक्षाच्या कळ्यांतून आणि ब्राझीलमधल्या फावा दांता या झाडाच्या शेंगांतून येते. त्यांत रूटिन, म्हणजे साखर जोडलेले क्वेर्सेटिन, इतके मुबलक असते की ते काढून आम्लाने साखर तोडली की काम झाले. तिथे ठसा-पॉलिमरला कुणी विचारणार नाही. सफरचंदाच्या रसातले पॅट्युलिन, मांसातले क्लेनब्युटेरॉल असे विष किंवा अवशेष शोधण्यासाठी ठसा-पॉलिमरच्या नळ्या विकत मिळतात, कारण तिथे पदार्थ अत्यल्प असतो, किंमत अचूकतेची असते आणि मायक्रोग्रॅम धरले तरी पुरते. अँटिऑक्सिडंटांच्या बाबतीतही हीच जागा शोधली पाहिजे.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात लगेच लासलगावच्या सालीचे ढीग आणि सोलापूरच्या डाळिंबाची टरफले येतील. येऊ द्यावीत, पण हिशेब करून. कांदा वाळवण्याच्या कारखान्यांत पांढरा कांदा लागतो आणि पांढऱ्या कांद्यात क्वेर्सेटिन जेमतेम असते. कामाची साल लाल कांद्याची, ती बाजारसमित्यांत आणि कांदाचाळींत विखुरलेली. एक गोष्ट जमेची आहे. कांद्याच्या गरात क्वेर्सेटिन बहुतांशी ग्लुकोज जोडलेल्या रूपात असते, तर सुक्या सालीत मोकळे. मोकळ्या रेणूचा ठसा मोकळ्यालाच धरतो, म्हणून साल हा या तंत्राला सोयीचा माल आहे. सांगलीच्या हळदीबाबत एक इशारा. कारखान्यात पेट्रोरसायनांपासून बनवलेले कर्क्युमिन आणि हळदीतले कर्क्युमिन रेणू म्हणून एकच आहेत. ठसा आकार ओळखतो, वंशावळ ओळखत नाही. ती भेसळ पकडायला कार्बन-१४ लागतो. मात्र हळदीतल्या तीन कर्क्युमिनॉइडांना, ज्यांच्यात केवळ मिथॉक्सी गटांच्या संख्येचा फरक आहे, एकमेकांपासून सोडवणे हे या विद्येचे अगदी हक्काचे काम आहे, आणि आपल्याकडच्या एम. एस्सी.च्या विद्यार्थ्याने हात घालावा असे.

शेवटी वाचकाला एक विनंती. या विषयावरचा कोणताही निबंध वा कुणाही विक्रेत्याचे पत्रक हाती आले की आधी कोऱ्या पॉलिमरचा आकडा शोधा. कोरे पॉलिमर म्हणजे तीच रसायने, तेच तापमान, फक्त साच्याचा रेणू न घालता बनवलेले. फिनॉल चिकट स्वभावाचे असतात. पिरिडीन असलेल्या कुठल्याही पॉलिमरवर ते चिकटतात, ठसा असो वा नसो. ठशाच्या पॉलिमरने वीस मिलिग्रॅम धरले आणि कोऱ्यानेही पंधरा धरले, तर ठशाची कमाई पाचच मिलिग्रॅमची आहे, भाषा कितीही मोठी असली तरी. या दोन आकड्यांचे गुणोत्तर दोन-तीन आले तर बरे म्हणायचे. मग कॅम्फेरॉलसारख्या जवळच्या रेणूशी तुलना केली आहे का ते पाहा. कॅफीनसारख्या भलत्याच रेणूला हरवून दाखवले असेल तर त्याला निवड म्हणत नाहीत. आणि ही चाचणी शुद्ध द्रावणात केली की खऱ्या अर्कात, तेही विचारा. हे तीन प्रश्न पुस्तकातल्या प्रयोगांनाही लागू आहेत. तक्त्यांत कोऱ्या पॉलिमरचा रकाना म्हणूनच प्रत्येक ठिकाणी पहिला ठेवला आहे.